बंदुकीचा परवाना आपल्या मंडळाने मागावा का?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत युवक आघाडीच्या ठरावावर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बँकेत लिपिक असून मंडळाचे हिशेब पाहतात.)



युवक आघाडीचा ठराव आपण सर्वांनी वाचला आहे. चार ओळींचा आहे. आपल्या समाजातल्या शंभर तरुणांची यादी करावी, मंडळाने शिबिर भरवून त्यांचे शस्त्रपरवान्याचे अर्ज एकत्र भरून घ्यावेत, आणि बिदर व कलबुर्गीच्या जिल्हाधिकाऱ्यांना शिष्टमंडळाने भेटून ‘स्वसंरक्षणासाठी शस्त्र हा आमचा हक्क आहे’ असे निवेदन द्यावे. मी या ठरावाच्या विरोधात बोलायला उभा आहे. हिशेबनीस माणसाने हिशेबापुरते बोलावे असे काहींना वाटेल. पण हाही एक हिशेबच आहे, आणि तो मांडल्याशिवाय सही करू नये असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट ही की ठरावामागची भीती खोटी नाही. १६ जानेवारी २०२५ चा दिवस बिदरकर विसरणार नाहीत. भरदिवसा, भरवस्तीत, स्टेट बँकेसमोर एटीएमसाठी रोकड घेऊन गाडी उभी. मोटारसायकलवरून दोघे आले, गोळ्या झाडल्या, एक कर्मचारी जागीच गेला, दुसरा गंभीर जखमी झाला, आणि ८० लाखांवर रक्कम घेऊन ते निघूनही गेले. त्याच दिवशी हैदराबादच्या अफजलगंज भागात पुन्हा गोळीबार झाला, तोही त्यांचाच असे पोलिसांनी सांगितले. मग १६ सप्टेंबर २०२५ ला विजयपूर जिल्ह्यातल्या चडचणला बँकेवर दरोडा पडला. संध्याकाळी बँक बंद व्हायच्या वेळेला तोंड बांधलेले लोक आत शिरले, हत्यार दाखवून कर्मचाऱ्यांचे हातपाय बांधले आणि सोने-रोकड मिळून सुमारे २१ कोटींचा ऐवज नेला. पळाले कुठे, तर सीमा ओलांडून मंगळवेढ्याकडे. म्हणजे आपल्याच पाहुण्यारावळ्यांच्या गावांत. हुलजंतीला नंतर त्यातला काही ऐवज सापडला.

मी स्वतः काउंटरमागे बसणारा माणूस आहे. चडचणच्या त्या सहकाऱ्यांच्या जागी मी असू शकलो असतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी रोज दोनदा फोन येत होता, ‘पोचलात का, निघालात का?’

तेव्हा प्रश्न असा की बंदूक असती तर काय झाले असते? चौकात सगळे हेच बोलत होते. आमच्या शाखेत पूर्वी एक निवृत्त फौजी गार्ड होते. बारा बोअरची दुनळी बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा, मिशा अशा की लहान मुले त्यांच्याकडेच बघत बसत. मी त्यांना एकदा विचारले, ‘हवालदारसाहेब, उद्या कुणी आलेच तर?’ ते म्हणाले, ‘साहेब, या बंदुकीत छर्रे असतात, ते पसरतात. तुम्ही काउंटरच्या मागे, समोर पेन्शनच्या दिवशी साठ म्हाताऱ्या. मी कुणावर झाडू? ही दाखवायला आहे. ती बघून जो परत जाईल तो गेला. जो ठरवून आला तो आधी मलाच मारेल.’ पस्तीस वर्षे हत्यार वापरलेल्या माणसाचे हे बोलणे. बिदरला काय झाले ते आठवा. मारणारे ठरवून आले होते, पहिली गोळी त्यांची होती. मरणाऱ्याला खिशात हात घालायलासुद्धा वेळ मिळाला नसता. आणि चडचणला इतका मोठा ऐवज गेला, पण जीव एकही गेला नाही, कारण कुणी शौर्य दाखवले नाही. सोन्याला विमा असतो.

रोकड नेणाऱ्या गाडीचे नियम मात्र आहेत, आणि ते कागदावर चांगले आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ मध्ये नमुना नियम काढले. गाडीत किमान दोन सशस्त्र प्रशिक्षित रक्षक हवेत, एका फेरीत पाच कोटींहून जास्त रक्कम नको, शहरात रात्री नऊनंतर आणि खेड्यात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. हे नियम आपल्या जिल्ह्यात किती गाड्या पाळतात हे विचारणारे निवेदन कुणी दिले का? युवकांनी तो ठराव आणला असता तर पहिली सही माझी असती.

आता ‘हक्क’ या शब्दाकडे वळतो. ठरावात तो दोनदा आला आहे. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क आपल्याला आहेच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण जीव वाचवण्याचा हक्क वेगळा आणि बंदूक बाळगण्याचा हक्क वेगळा. दुसरा आपल्या कायद्यात नाही. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की परवान्याशिवाय अग्निशस्त्र ठेवता येत नाही. अर्ज आला की पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर अधिकारी नकार देऊ शकतो, दिलेला परवाना काढूनही घेऊ शकतो. २०१९ मध्ये कायदा आणखी कडक झाला. एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे, आणि लग्नावरातीत हौसेने बार काढले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. (आपल्याकडच्या काही वराती बघता ही तरतूद पाठ करून घेण्यासारखी आहे.) त्याच कायद्यात एक चांगली गोष्टही आहे. केवळ मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. प्रत्यक्षात परवाना कुणाला मिळतो, शेतमजुराला की गुत्तेदाराला, हे मी सांगायला नको.

‘मग कोडगूवाल्यांना कसा विनापरवाना हक्क?’ असे आमच्या एका तरुण मित्राने बैठकीत विचारले. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर १८५७ मध्ये आहे. त्या वर्षी इंग्रजांनी हत्यारबंदीचा कायदा केला. मुधोळ संस्थानात, म्हणजे घोरपड्यांच्या राज्यात, हलगली नावाचे गाव आहे. तिथल्या बेडर लोकांनी सांगितले, हत्यार देणार नाही. शिकार हे त्यांचे पोट आणि हत्यार ही त्यांची अब्रू. इंग्रजांची फौज आली, गाव जाळले, कित्येक मारले गेले, आणि डिसेंबरात १९ जणांना फासावर दिले असे इतिहासात नोंदले आहे. कन्नड लावणीत त्यांची आठवण अजून आहे. आता दुसरे टोक बघा. कोडगूचे लोक त्या धामधुमीत इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले, म्हणून १८६१ मध्ये कमिशनर मार्क कबन याने त्यांना त्याच कायद्यातून सूट दिली. ती सूट स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती मान्य केली. कोडव समाजाबद्दल मला आदरच आहे, सैन्यात त्यांनी नाव काढले आहे. पण बघा, एकच कायदा, एकाच राज्याची आजची दोन टोके, एकाला फास आणि दुसऱ्याला सूट. हा हक्क नव्हता. सरकारची मर्जी होती. समाजाच्या नावाने हत्यार मागणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की ते देणारा माणूस समाज बघूनच देतो, आणि समाज बघूनच काढून घेतो.

स्वातंत्र्याच्या चळवळीतही हा विषय होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. साहजिक होते. परक्या सरकारने सगळा देश निःशस्त्र केला होता. पुढे घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या कलमात हाही हक्क घाला. १९४८ च्या डिसेंबरच्या सुरुवातीची ही गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा, देशावर संकट आल्यावर शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. सरसकट हक्क दिला तर गुन्हेगारालाही तो मिळेल. दुरुस्ती नामंजूर झाली. आज घटनेच्या १९ व्या कलमात शस्त्राचा उल्लेख आहे, पण कसा? शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. आज आपण इथे जमलो आहोत ते त्याच स्वातंत्र्याखाली. (शिखांच्या कृपाणाचा उल्लेख २५ व्या कलमात आहे. आपल्या बिदरला नानक झिरा आहे म्हणून कुणी विचारेल, यासाठी सांगून ठेवतो. तो धर्माचरणाच्या हक्काचा भाग आहे.)

डिसेंबर १९४८ ही तारीख मी मुद्दाम सांगितली. दिल्लीत ही चर्चा चालू होती त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यांत काय चालले होते? पोलीस अ‍ॅक्शनला अडीच महिने झाले होते. त्याबद्दल थोडे सविस्तर बोलतो, कारण ठरावाच्या प्रस्तावनेत ‘रझाकारांचे दिवस आठवा’ असे वाक्य आहे. आठवायचे तर पूर्ण आठवू.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, निजामाने भारतात यायला नकार दिला. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. त्यांना हत्यारे मिळत गेली, सरकारचा आशीर्वाद होता. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरून शस्त्रे आणत होता. ती जिथे उतरत त्या विमानतळांत आपल्या बिदरचेही नाव येते. आणि खेड्यातल्या माणसाकडे काय होते? कुऱ्हाड, विळा, फार तर एखाद्या देशमुखाच्या वाड्यात ठासणीची बंदूक. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी कत्तल केली. दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली असे सांगितले जाते. २०२३ मध्ये तिथे स्मारकाचे उद्घाटन झाले, आपल्यातले बरेच जण त्या दिवशी गेले होते. आमचे युवक म्हणतात, गोरट्यात शंभर बंदुका असत्या तर? त्या गावातल्या लोकांना हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि मी त्याला ‘काही फरक पडला नसता’ असे थंड उत्तर देणार नाही. पडला असता कदाचित. सीमेवरच्या कॅम्पांतून आपल्या वाडवडिलांनी बंदुका घेऊन रझाकारांना तोंड दिले हेही खरे आहे. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी शस्त्रांच्या बळावर ताब्यात घेतली. बँकेचा माणूस म्हणून मला त्या प्रकरणातली एक गोष्ट फार आवडते. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे दिला गेला, असे जुनी माणसे सांगतात. त्या लोकांवर कायदा मोडल्याचा ठपका कुणी ठेवत नाही, कारण तेव्हा कायदाच मारेकऱ्यांच्या बाजूला उभा होता. मत देता येत नव्हते, कोर्टात जाता येत नव्हते, ठाण्यात गेले तर फौजदार रझाकारांचा दोस्त.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौज निघाली, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत पुढे गेली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आपण दरवर्षी झेंडावंदन करतो ते इथपर्यंत. त्यापुढचे आठवडे आपल्या स्मरणिकेत येत नाहीत. नेहरू आणि मौलाना आझाद यांच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संस्थानात फिरले. म्हणजे तिकडे आंबेडकर कामतांना उत्तर देत होते तेव्हा ही समिती आपल्या भागातून हिंडत होती. तिचा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला होता, तो लोकांपुढे आला २०१३ मध्ये. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत वाईट चार जिल्हे कोणते? उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांत मिळून किमान १८ हजार. मरणारे बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतले किती रझाकार होते हे कुणी विचारत बसले नव्हते. हत्यारे काढून घेण्याचे काम दोन्ही बाजूंना सारखे झाले नाही, एकाकडची काढली आणि दुसऱ्याकडची राहिली, हेही त्यांनी नोंदले आहे. शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्याला वाचवल्याच्याही नोंदी आहेत.

सभागृहात चुळबूळ होते आहे, मला दिसते आहे. मी कुणाच्या वाडवडिलांवर बोट ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या गावातली ती विहीर बुजवलेली आहे आणि घरातले कुणी त्याबद्दल बोलत नसे, एवढे सांगतो. माझा मुद्दा साधा आहे. मे महिन्यात हत्यारे एका बाजूकडे होती, तेव्हा दुसरी बाजू मेली. सप्टेंबरात हत्यारे दुसऱ्या बाजूकडे गेली, तेव्हा पहिली बाजू मेली. चार महिन्यांत, त्याच गावांत. आपल्या जिल्ह्यांत हत्यार कधी एकट्या माणसाच्या हाती नव्हते. ते नेहमी कुठल्या तरी बाजूचे होते. आणि ठरावात नेमके तेच आहे. हा ठराव एका शेतकऱ्याचा अर्ज नाही, ज्याच्या उसात रानडुकरे शिरतात आणि ज्याला पिकासाठी परवाना पाहिजे. तसा अर्ज कुणी आणला तर मी स्वतः फॉर्म भरून देईन. हा ‘आपल्या’ शंभर जणांचा अर्ज आहे.

तो जिल्हाधिकारी कचेरीत गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय होईल? बिदरसारख्या गावात बातमी लपत नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या समाजाची दीडशेची यादी जाईल. मग तिसऱ्याची, मग चौथ्याची. लिंगायत, मुसलमान, दलित, लमाणी, सगळ्यांच्या संघटना आहेत आणि सगळ्यांकडे फॉर्म भरणारे कारकून आहेत. आपण या राज्यात भाषेने अल्पसंख्य आहोत. १९५६ मध्ये उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले, तेव्हापासून आपण मराठी शाळेसाठी, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी, दुकानाच्या पाटीसाठी अर्ज करतो आहोत. त्या अर्जांना आजवर कुणी ‘धोका’ म्हटले नाही, कारण आपले हात मोकळे होते. एकदा सीमाभागातल्या मराठी संघटनेने शंभर बंदुका मागितल्या की पुढच्या प्रत्येक निवेदनावर पोलिसांचा शेरा येईल. शाळेच्या निवेदनावरसुद्धा.

दोन्हीकडे हत्यारे असली की शांतता राहते असे म्हणणाऱ्यांनी भीमेच्या काठाला जाऊन यावे. फार लांब नाही. इंडी, चडचण, अफजलपूर. कन्नड वर्तमानपत्रांत ‘भीमातीर’ हा शब्दच खुनाच्या बातमीसाठी झाला आहे. तिथे दोन्हीकडे बंदुका आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एका घरातला मेला की दुसऱ्या घरातला मारायचा, जामिनावर सुटून आला की पुन्हा. शेतीत सोने पिकवणारी जमीन आणि गावात पन्नाशीचे पुरुष मोजके. कोण सुरक्षित झाले तिथे?

तिकडची उदाहरणे नकोत तर आपलाच जुना मराठवाडा बघा. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हाल हाल करून मारले. त्या खुनात बंदूक वापरली नव्हती. तरी त्यानंतर लोकांचे लक्ष परवान्यांकडे गेले. एकट्या बीड जिल्ह्यात हजारावर परवाने निघाले. कमरेला पिस्तूल लावून फोटो, हवेत बार काढल्याचे व्हिडिओ. मग प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. जिल्ह्यात एवढी परवानाधारक हत्यारे असूनही एका सरपंचाचा जीव वाचला नाही, कारण ती हत्यारे वाचवण्यासाठी घेतलेलीच नव्हती. गावात आपला वट दाखवण्यासाठी घेतली होती. २०१६ अखेरचे गृह मंत्रालयाचे आकडे सांगतात की देशात ३३ लाख ६९ हजारांच्या आसपास परवाने होते, त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. बंदुकीने सुरक्षितता येत असती तर मुलीला नोकरीसाठी एकटी कानपूरला पाठवायला आपण का कचरतो आणि बेंगळुरूला का नाही?

ठरावाच्या बाजूने एक मुद्दा खरोखर जोरदार आहे आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. गुन्हेगाराला परवाना लागत नाही. त्याच्याकडे गावठी कट्टा असतो. नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये, गोविंद पानसरे २०१५ मध्ये, त्याच वर्षी धारवाडला आपल्या वचन साहित्याचे थोर अभ्यासक एम. एम. कलबुर्गी, २०१७ मध्ये गौरी लंकेश. सगळे गोळ्यांनी मारले गेले. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकच गावठी पिस्तूल चालले, असा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आहे. म्हणजे कायदा पाळणारा निःशस्त्र आणि मोडणारा सशस्त्र, ही तक्रार खरी आहे. पण यातल्या कुणाच्या खिशात परवान्याचे पिस्तूल असते तर काय झाले असते? सकाळी फिरायला निघालेला ऐंशीच्या घरातला माणूस, दार उघडायला गेलेला प्राध्यापक. तेच, जे आमच्या हवालदारसाहेबांनी सांगितले.

कट्टा येतो कुठून हे पोलिसांना माहीत आहे, वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही माहीत आहे. बिहारचे मुंगेर, मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातले उमर्टी, जिथून जळगावमार्गे माल महाराष्ट्रात उतरतो आणि पुढे आपल्याकडे. तो रस्ता बंद करा, ही मागणी आपण आणि बाकीचे सगळे समाज एकत्र करू शकतो. त्यासाठी वेगळ्या याद्या लागत नाहीत.

अमेरिकेचे उदाहरण युवकांनी दिले आहे. आपल्यातली बरीच मुले तिकडे टेक्सासमध्ये, न्यू जर्सीत आहेत. तिथे १७९१ पासून घटनेतच हा हक्क आहे, २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घरात हत्यार ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क ठरवला, २०२२ मध्ये बाहेर नेण्याचाही. एकच आकडा सांगतो. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, आणि त्यांत २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. चोर नाही, शेजारी नाही, स्वतःच्याच घरातली स्वतःची बंदूक. आमच्या शाखेत मी पीककर्जाची वसुलीची पत्रे टाइप करतो. तुरीचा भाव पडला, पाऊस गेला, की आळंद-औरादच्या कोणत्या घरांत काय चालले असेल याची मला यादीसकट कल्पना असते. त्या घरांत भिंतीला भरलेली बंदूक टांगावी असे मला वाटत नाही. विष पिणाऱ्याला दवाखान्यात न्यायला निदान तासभर असतो.

दर निवडणुकीला आमच्या शाखेतून एक पत्र जाते. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात, बँकेच्या गार्डची बंदूक जमा होऊ नये म्हणून सूट मागायची असते. ते पत्र मीच लिहितो. म्हणजे लोक भांडायच्या मनःस्थितीत असतात तेव्हा परवान्याचे हत्यारसुद्धा घरात नको, असे सरकारलाच वाटते. आपल्या जिल्ह्यात निवडणुका सोडूनही तशी मनःस्थिती वर्षातून तीन-चारदा येते. कुठल्या मिरवणुकीला, कुठल्या पुतळ्यावरून, ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून माझी उपसूचना अशी आहे. मूळ ठरावातली यादी आणि शिबिर काढून टाकावे. शिष्टमंडळ जरूर न्यावे, पण त्यात आपल्याबरोबर व्यापारी संघ, बँक कर्मचारी संघटना आणि बाकी समाजांचे लोक असावेत. मागणी अशी की रोकड वाहतुकीच्या नियमांची दोन्ही जिल्ह्यांत तपासणी व्हावी आणि पाळत नसलेल्या एजन्सीचे काम थांबवावे; सोलापूर, लातूर, धाराशिव आणि इकडचे पोलीस यांनी भीमेच्या दोन्ही काठांवर मिळून नाकाबंदी करावी, कारण चडचणच्या दरोड्यानंतर चोर सीमा ओलांडून गेले; गावठी हत्यारांच्या जप्तीचे आकडे दर सहा महिन्यांनी जाहीर व्हावेत; आणि दोन्ही जिल्ह्यांत आजवर किती परवाने दिले, त्यांतले किती गुन्हे नोंद असलेल्यांकडे आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. शेवटचा अर्ज मी लिहून आणला आहे, दहा रुपये शुल्कही मीच भरतो, मंडळाच्या खात्यावर टाकणार नाही. बिदरला गोळी लागून गेलेल्या त्या कर्मचाऱ्याच्या घरच्यांना काय मदत पोचली याचीही चौकशी शिष्टमंडळाने करावी. तो आपल्या समाजाचा होता की नाही, हे मी विचारलेले नाही.

उपसूचनेला अनुमोदन हवे आहे. भालकीच्या शाखेचे आप्पा हात वर करत आहेत, त्यांना आधी बोलू द्यावे, त्यांना शेवटची बस पकडायची आहे. पुढचा विषय ताळेबंदाचा आहे, त्याच्या प्रती मागच्या बाकावर ठेवल्या आहेत.